सरकलेल्या विहिरी

धाराशिव शहराच्या पश्चिमेस अवघ्या चार-पाच किलोमीटरांवर एक रेषा आहे. भूमीवर ती कोठेही आखलेली नाही. तिच्यावर बांध नाही, खूण म्हणून रोवलेला दगडही नाही. शेतकरी तिच्यावरून औत हाकतो, एस.टी. तिला ओलांडून जाते, आणि कोणालाही तिचा पत्ता लागत नाही. ही रेषा म्हणजे ७६ अंश पूर्व रेखांश. भारतीय सर्वेक्षण विभागाने आपल्या देशाचे जे स्थलनिर्देशक नकाशे छापले, त्यांच्या जुन्या क्रमवारीत या रेषेवर ४७ क्रमांकाचा विभाग संपतो आणि ५६ क्रमांकाचा सुरू होतो. त्यामुळे परंडा एका विभागात आणि धाराशिव, तुळजापूर व नळदुर्ग दुसऱ्या विभागात, अशी आपल्या जिल्ह्याची वाटणी झालेली आहे. मी शाळेत शिकवीत असताना जिल्ह्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावायचा म्हणजे खळ करून ही पत्रके एकमेकांस चिकटवावी लागत, आणि चिकटवताना रस्ता रस्त्याला मिळाला तर नदी नदीला मिळत नसे!

मुलांनो, असे एखादे पत्रक तुम्ही अवश्य पाहा. त्यावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. बालाघाटच्या डोंगररांगा तेथे तपकिरी समोच्च रेषांनी दाखविलेल्या असतात. लगतच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा दाटीने आल्या की चढ उभा आहे असे समजावे, विरळ झाल्या की माळ आला. नदी-नाले आणि विहिरी यांना निळा रंग दिलेला असतो. आपल्यासारख्या अवर्षणग्रस्त मुलखात निळा रंग डोळ्यांनी आधी शोधावा, यात नवल ते काय?

निवृत्तीनंतर मी या निळ्या खुणांच्याच मागे लागलो. तेर गावाच्या परिसराचे पत्रक, म्हणजे ५६ बी/३, माझ्या संग्रही होते. त्याचे छायाचित्र संगणकात घेऊन त्यावरील विहिरी व बारवा मी एकेक करून टिपून घेतल्या. एकूण सदतीस भरल्या. यातील कित्येक जुन्या विहिरी गाळाने भरून विस्मृतीत गेल्या होत्या. प्रत्येकीचे अक्षांश-रेखांश लिहून यादी ग्रामपंचायतीस द्यावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी गाळ काढणारी माणसे भ्रमणध्वनीच्या साह्याने नेमक्या ठिकाणी पोहोचतील, असा माझा विचार होता. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत घागरींची रांग लावणाऱ्या गावात असा विचार कोणाच्याही मनात येईल.

या कामासाठी मी क्यूजीआयएस नावाची संगणकप्रणाली वापरीत असे. गॅरी शर्मन या अमेरिकन गृहस्थांनी २००२ मध्ये तिचा आरंभ केला. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी ती वाढविली, आणि आजही ती कोणालाही विनामूल्य मिळते. माझ्या घरच्या संगणकावर तिची दुसरी आवृत्ती होती. तिसरी आवृत्ती फेब्रुवारी २०१८ मध्येच निघाली होती; परंतु जे नीट चालले आहे ते मोडावे कशाला, या वृद्धांच्या नेहमीच्या न्यायाने मी ती टाळत आलो. शेवटी जुना संगणकच थकला. नवा आला, आणि त्याच्याबरोबर नवी आवृत्ती घेणे भाग पडले.

आवृत्ती बदलण्यापूर्वी मी सर्व कामाची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवली. ही सवय मला हजेरीपटांनी लावली होती. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. या प्रणालीत आपण जो नकाशा साठवतो, त्याच्या मुख्य फाइलमध्ये मूळ चित्रे नसतात. कोणते चित्र कोठे ठेवले आहे, एवढे पत्तेच असतात. ग्रंथालयाची सूची घरी आणली म्हणून ग्रंथ घरी येत नाहीत, तसेच हे. फाइल तेवढी उचलून नेणाऱ्याच्या पदरी रिकामा पडदा येतो. मी सूचीसह ग्रंथही नेले होते, म्हणून बचावलो. जुन्या आवृत्तीला जोडलेली काही लहान साधने नव्या आवृत्तीत चालेनाशी झाली. त्यांवाचून माझे फारसे अडले नाही.

पण नकाशा उघडला आणि मी चकित झालो. विहिरी सरकल्या होत्या! कागदावर टिपलेले निळे वर्तुळ एकीकडे आणि मी त्यावर ठेवलेला लाल ठिपका दुसरीकडे. पत्रकावर तीन मिलिमीटरांचे अंतर दिसे. जमिनीवर ते दीडशे मीटर होते. एक विहीर तर ओढ्याच्या पलीकडे जाऊन बसली होती. मी नव्या आवृत्तीला मनसोक्त दूषणे दिली आणि जुनी पुन्हा बसविण्याच्या तयारीस लागलो.

त्याच वेळी शेजारची सातवीत शिकणारी मुलगी घरी आली होती. ती पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, सगळ्याच विहिरी एकाच दिशेला आणि सारख्याच अंतराने सरकल्यात की!"

"मग त्याने काय झाले, बाळ?"

"मोडतोड झाली असती तर एक इकडे गेली असती, एक तिकडे. वर्गातली सगळी मुले एकाच वेळी एकच चुकीचे उत्तर लिहितात, तेव्हा तुम्ही काय म्हणत होता?"

मी काय म्हणत असे, ते मला चांगलेच आठवत होते. सर्वांनी एकाच वहीतून उतरवून घेतले, असे मी म्हणत असे. तेव्हा ती मूळ वही शोधणे क्रमप्राप्त होते.

ती वही शोधण्यासाठी आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागेल. विल्यम लॅम्ब्टन या अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक सरळ रेषा काटेकोर मोजली आणि तिच्या आधारे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत भारतभूमीचे मापन आरंभिले. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याच्या जागी जॉर्ज एव्हरेस्ट आला. जगातील सर्वोच्च शिखर ज्याच्या नावाने ओळखले जाते, तोच हा. पृथ्वी चेंडूसारखी वाटोळी नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. ती नेमकी किती चपटी आहे, याचे एक गणित एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडले. ते गणित आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथील एक स्थिर बिंदू यांच्या आधारावर आपली जुनी पत्रके तयार झाली. भारतापुरते ते गणित चांगले जुळत होते. पुढे आकाशात उपग्रह फिरू लागले. त्यांना एका देशापुरते गणित पुरेना. साऱ्या पृथ्वीस लागू पडणारे, तिच्या केंद्रापासून मोजलेले नवे गणित १९८४ मध्ये ठरले. तुमच्या घरातील भ्रमणध्वनी आपले ठिकाण याच गणिताने सांगतो.

शेताच्या एका कोपऱ्यातून मोजणी केली तर विहीर शंभर पावलांवर येते; बांधाच्या दुसऱ्या दगडापासून मोजली तर ऐंशी पावलांवर. विहीर तेथेच असते. आकडा सांगताना कोणत्या दगडापासून मोजले, तेही सांगावे लागते. आपल्या भागात या दोन गणितांतील फरक साधारण शे-दीडशे मीटरांचा पडतो. आरंभी सांगितलेली ७६ अंशांची रेषासुद्धा दोन्ही गणितांत एकाच जागी पडत नाही!

आता माझी चूक उघड झाली. पत्रकाच्या चित्रास मी एव्हरेस्टच्या गणिताची खूण योग्य रीतीने लावली होती. विहिरींचा थर तयार करताना मात्र संगणकाने आपण होऊन सुचविलेली १९८४ ची खूण मी न वाचताच स्वीकारली. माझ्या जुन्या आवृत्तीत अशा खुणा जुळवून घेण्याची सोय बंद राहिली होती. ती आकडे जसेच्या तसे मांडी, आणि सारे तंतोतंत बसल्यासारखे दिसे. नव्या आवृत्तीने प्रत्येक थराची खूण वाचली व त्याप्रमाणे हिशेब केला. तिने काही मोडले नव्हते. खोटे बसलेले तिने उघड्यावर आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे गावाबाहेरच्या बारवेवर गेलो. माझ्या जुन्या यादीतील आकडे त्या मुलीने भ्रमणध्वनीत घातले, तर तो आम्हांस ओढ्यापलीकडील ज्वारीच्या रानात घेऊन निघाला. ती यादी ग्रामपंचायतीत गेली असती तर काय झाले असते, ते सांगायला नको. माणसांनी कोरड्या रानात विहीर शोधली असती, आणि ती नाहीच असे समजून परतली असती. घरी येऊन विहिरींच्या थरास मी एव्हरेस्टची खूण दिली, मग तो १९८४ च्या गणितात रूपांतरित करून घेतला. त्या नव्या आकड्यांनी भ्रमणध्वनीने आम्हांस बारवेच्या पायऱ्यांपासून वीस-पंचवीस पावलांवर आणून सोडले. या प्रमाणाच्या कागदाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

हा घोळ आता पुष्कळ कमी झाला आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वसामान्यांसाठी निघालेली नवी पत्रके १९८४ च्याच गणितावर रचलेली आहेत. त्यांच्या क्रमवारीत आपला सबंध जिल्हा 'ई ४३' या एकाच विभागात येतो. परंडा आणि धाराशिव पुन्हा एका घरात आली. जुन्या पत्रकांवर मात्र 'उस्मानाबाद' हेच नाव आढळेल, कारण जिल्ह्याचे नाव अधिकृतरीत्या धाराशिव झाले ते २०२३ मध्ये. लोहारा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली आणि त्यांची वस्ती नव्या जागी वसविण्यात आली. भूकंपापूर्वीच्या पत्रकावर ती आपल्या जुन्या जागीच नांदत आहेत.

दुरुस्त यादी हाती घेऊन आम्ही सदतीसही ठिकाणे पायी पाहिली. नऊ विहिरी पूर्ण बुजलेल्या निघाल्या. दोहोंवर घरे उभी होती. त्यांपुढे त्या मुलीने पेन्सिलीने फुली मारली. उरलेल्या अठ्ठावीस विहिरींची यादी आम्ही ग्रामपंचायतीत दिली, आणि आकडे कोणत्या गणिताचे आहेत ते माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले.