वाटी झिजली की दबली?

प्रश्न : आईचा खुबा बदलून दीड वर्ष झालं. एक्स-रे मोजून डॉक्टर म्हणाले, गोळा प्लास्टिकच्या वाटीत ०.२ मिलिमीटर आत गेलाय. इतक्यात झिजलं का?

उत्तर : बहुधा नाही, दबलं आहे. ही वाटी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची असते. भार सतत पडत राहिला की ते हळूहळू आकार बदलतं, पुस्तकांच्या ओझ्याने फळी बाकते तसं. याला ‘क्रीप’ म्हणतात. पहिल्या एक-दोन वर्षांत गोळा आत जातो त्यात मोठा वाटा याचाच. पुढे ते जवळपास थांबतं. यात कण सुटत नाहीत, म्हणून मी तरी फार घाबरणार नाही. खरी भीती झिजेची. तिच्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचं हाड पोखरलं जातं, सांधा सैल होतो. इंग्लंडमध्ये सर्जन जॉन चार्न्ली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या होत्या. त्या काही वर्षांतच इतक्या झिजल्या की १९६२मध्ये ते पॉलिइथिलीनकडे वळले. आजचं क्रॉसलिंक केलेलं (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं) प्लास्टिक झिजतं फार कमी, पण दबतं तेही. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा, तुलना त्याच्याशीच होते. दोन वर्षांनंतरही गोळा दरवर्षी ०.१ मिलिमीटरहून जास्त सरकत राहिला किंवा जांघेत दुखू लागलं, तर सर्जनना लगेच दाखवा.