भंडारदऱ्याचं पाणी, प्रवरानगरची साखर

(आजोबा मुलुंडच्या एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात 35 वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. नात बीएमएसच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला. डिसेंबरमधल्या आयव्हीची, म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिटची, आखणी तिच्याकडे आली आहे.)

नात : मुलांना मनालीच हवंय, आजोबा. सहा दिवस, त्यात एक फॅक्टरी.

आजोबा : कसली फॅक्टरी?

नात : ते एजंट ठरवणार आहे.

आजोबा : हेच मला सोसत नाही बघ. आमच्याकडेही यायची कॉलेजची पोरं. या दारातून आत, त्या दारातून बाहेर, मग गेटपाशी फोटो. मी स्टोअर्सला होतो, सगळी रजिस्टरं काढून वाट बघत बसायचो. कच्चा माल येतो कुठून, एवढंही कुणी विचारलं नाही. आणि आता तर या रस्त्यावर कारखाने मोजकेच उरलेत. होएक्स्ट या जर्मन औषध कंपनीचं संशोधन केंद्र 1972 साली इथे मुलुंडला सुरू झालं. कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं ते तिथे! तुमच्या वर्गात कुणाला ठाऊक आहे का?

नात : नसेल. पण मुलं कंटाळतील त्याचं काय? निम्मी जणं बसमधून उतरायचीच नाहीत.

आजोबा : अगं, भंडारदऱ्याला ने त्यांना. कसारा घाट चढायचा, घोटीवरून आत वळायचं. रतनगड आहे, तलाव आहे. तंबूत राहा, गाणी म्हणा.

नात : ती झाली पिकनिक. फॅक्टरी कुठाय त्यात?

आजोबा : त्या तलावाच्याच नदीवर, प्रवरेवर, खाली. प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं, कालवे निघाले आणि खालच्या कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. पण शेतकऱ्याच्या डोक्यावर सावकार होताच. मग लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. ऊस घालणारा शेतकरीच कारखान्याचा मालक.

नात : हे पुस्तकात आहे, आजोबा. दोन मार्कांची टीप येते.

आजोबा : पुस्तकात कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊस दिसतो का? बरं, मला सांग, कारखाना वर्षातून किती महिने चालतो?

नात : बाराही महिने?

आजोबा : चार-पाच. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, उन्हाळा लागला की हंगाम संपतो. तोडलेला ऊस ठेवून देता येत नाही, त्यातली साखर घटायला लागते. म्हणून शेतातून गव्हाणीपर्यंत सगळी घाई. आणि कायद्याने उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे. साखर मात्र वर्षभर थोडीथोडी विकायची. मग मधल्या काळात पैसे आणायचे कुठून?

नात : कर्ज... वर्किंग कॅपिटल! साखर तारण ठेवून?

आजोबा : बरोबर. गोदामातली पोती तारण. ती थप्पी डोळ्यांनी बघितलीस की तो धडा पुन्हा पाठ करावा लागणार नाही. शंभर किलो उसातून साखर निघते जेमतेम दहा-अकरा किलो, त्याला उतारा म्हणतात. उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळतो, त्याच वाफेवर कारखाना चालतो, वीजही होते. मळीपासून अल्कोहोल. वाया काय जातं, हे तिथे विचारायचंच.

नात : हे सगळं सांगायला गेले तर मुलं कंटाळतीलच, आजोबा.

आजोबा : मग सांगू नकोस. दाखव. पहिल्या दिवशी धरणाच्या भिंतीकडे बघायचं, दुसऱ्या दिवशी अकोले, संगमनेर करत त्याच पाण्याबरोबर खाली उतरायचं. कारखान्याला परवानगीचं पत्र महिनाभर आधी पाठव. आणि चपला चालणार नाहीत, सगळ्यांना बूट घालायला सांग.

नात : हो, ते होईल. ऊस तोडणारेही शेतकरीच ना?

आजोबा : नाही गं. बीडकडून येतात, पाचटाच्या कोप्यांत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, पण हिशेबात कोयता एक. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली, ती हंगामभर फेडायची. लेकरं फडातच. तुमच्या एचआरच्या तासाला हे शिकवतात का?

नात : (थोडा वेळ गप्प) नाही. मालकांत ते नाहीत?

आजोबा : नाहीत. हे मला इतकी वर्षं बोचतंय. सहकार उसाच्या फडाच्या बांधापर्यंत आला आणि तिथे थांबला.

नात : आजोबा, आणि खरंच कुणी उतरलंच नाही बसमधून तर?

आजोबा : तू तर उतरशील? वजनकाट्यापाशी बैलगाड्यांची रांग असते. पहिल्याच गाडीवानाला विचार, ऊस कधी तोडलात, रांगेत कधीपासून आहात. वही घेऊन जा, मोबाइल नको.