काळज्यांनी सहा ते साडेसहा या वेळेत भेटावे

प्रश्न : दिवसभर ऑफिस, डबे, मुलांचा अभ्यास यांत डोकं वर काढायला फुरसत नसते. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली रे टेकली की एकेक काळजी उठून बसते. बाबांचे रिपोर्ट, घराचा हप्ता, मुलीची दहावी. मैत्रीण म्हणाली, "काळजी करायची रोजची एक वेळ ठरवून टाक, एरवी करायचीच नाही." ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "काळजी काय विचारून येते का?" मला सासूबाईंचंच पटलं. तरी विचारते, मैत्रिणीच्या सल्ल्यात काही तथ्य आहे का?
– एक वाचक

उत्तर : तथ्य आहे, आणि सासूबाईंचंही खरं आहे. काळजी विचारून येत नाही. तुमच्या मैत्रिणीने सांगताना थोडी गफलत केली, ती 'करायचीच नाही' या दोन शब्दांत. मूळ युक्तीत काळजीला बंदी नाही. ती आली की तिला 'आत्ता नको, संध्याकाळी बघू' एवढंच सांगायचं आहे.

बंदी का नाही, हे लहानपणी ऐकलेल्या वैद्याच्या गोष्टीत आहे. औषध दिलं आणि वर बजावलं, घेताना माकड आठवायचं नाही. झालं! रोगी बिचारा पुडी हातात घेतो आणि माकड समोर हजर. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये हाच प्रयोग माकडाऐवजी पांढरं अस्वल घेऊन केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोला, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका; आला तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. पुढे अस्वलाचा विचार करायची मुभा दिली, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात ते अस्वल, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं. 'विचार करू नकोस गं' हा आपल्याकडचा घरोघरीचा सल्ला इतका कुचकामी का, ते यावरून कळावं.

आता रात्रीच का? एक तर दिवसा कामाचा गलबला असतो, रात्री तो थांबतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रोज ज्या जागी आपण काळजी करतो, ती जागाच पुढे काळजीची आठवण करून देऊ लागते. रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये निद्रानाशावर जी पद्धत मांडली ती याच तत्त्वावर : अंथरूण झोपेसाठीच ठेवा, झोप लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसा, डोळे जड झाले की परत या. हेच तत्त्व पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजीला लावलं. रोज अर्धा तास, ठरलेली वेळ, ठरलेली जागा. दिवसभरात काळजी मनात आली की ओळखायची, त्या अर्ध्या तासावर ढकलायची आणि हातातल्या कामाकडे परत यायचं. वेळ झाली की मात्र मनसोक्त करायची, आणि जमेल तिथे मार्गही शोधायचा.

जागेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. वन रूम किचनमध्ये ज्या दिवाणावर झोपायचं त्यावरच मुलांचा अभ्यास, पाहुणे आणि टीव्ही. तिथे काळजीसाठी वेगळी खोली कुठून आणणार? पण वेगळी खुर्ची चालते. गॅलरीतला स्टूल, जिन्याची पायरी, ऑफिसातून येताना कोपऱ्यावरचा बाक. दिवाण तेवढा सोडा. आणि वेळ झोपेच्या तोंडावर नको; सहा ते साडेसहा म्हटलं ते म्हणूनच. स्वयंपाकाच्या गडबडीत अर्धा तास मिळणार नाही, हे मलाही कळतं. पंधरा मिनिटांनी सुरुवात करा.

सोबत वही लागेल. मोबाईलमधल्या नोट्स मला पसंत नाहीत. एक ओळ लिहायला फोन उघडायचा आणि व्हॉट्सॲपवरच्या तीन नव्या काळज्या घेऊन बंद करायचा, असं होतं. साधी चाळीस पानी वही पुरे. तुमच्याच काळज्या घेऊन पान असं दिसेल. दुपारी घाईत लिहिलेलं : 'बाबांचे रिपोर्ट.' संध्याकाळी त्याखाली : 'लॅबला उद्या अकराला फोन. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची घ्यायची, दादाला बरोबर यायला सांगायचं.' पुढची ओळ, 'घराचा हप्ता' : 'पाच तारखेआधी खात्यात किती हवेत ते बघायचं.' त्यापुढे 'दहावीत कमी पडले तर?' इथे पेन अडतं, आणि अडू द्या. ज्या काळजीपुढे उद्याचं काम लिहिता येत नाही, तिच्यापुढे रेघ मारून ठेवायची. उद्या संध्याकाळी ती पुन्हा येईल, तेव्हा पुन्हा बघू.

पहिल्या दोन ओळींत जे झालं त्यालाही आधार आहे. अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं. पण ते कधी, कसं करायचं हे नेमकं ठरवलं की काम न होताही टोचणी कमी होते, असं मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत आढळलं. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ निरोगी तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी लवकर. २०१८ चा हा अभ्यास लहान होता, पण वही-पेनात कुणाचं काय जातं!

आणखी एक आकडा सांगतो, जरा जपून. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिचिंतेचा आजार असलेल्या २९ जणांनी आपापल्या काळज्या टिपून ठेवल्या आणि पुढे त्यांचं काय झालं ते पाहिलं. सुमारे ९१ टक्के खऱ्या ठरल्या नाहीत. जपून अशासाठी, की काळजी करणाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, माझी उरलेल्या नऊ टक्क्यांतली असणार. तेव्हा आकडा विसरा आणि महिन्याने आपल्याच वहीची मागची पानं वाचा. स्वतःच्या अक्षरातलं माणूस मानतो.

सुरुवातीला ढकललेली काळजी दोन मिनिटांनी परत येईल, तीच ती. पुन्हा ढकलायची, युक्ती फसली असं समजायचं नाही. कधी सहा वाजतील आणि दुपारी भलतीच मोठी वाटलेली काळजी लिहायलासुद्धा नकोशी वाटेल. मग वही मिटायची आणि भाजी फोडणीला टाकायची. अर्धा तास भरलाच पाहिजे असं नाही.

मात्र आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. त्या फोनसाठी सहा वाजायची वाट पाहायची नाही.