पिशवीतली गाठ आणि माथी आलेला बोल

आमच्या शहापूर-मुरबाड भागात लग्नानंतर दोन-तीन पावसाळे गेले आणि घरात पाळणा हलला नाही, की बोल लागतो तो सुनेलाच. माझ्या एका मावशीने हा बोल सोळा वर्षे ऐकला. नवस झाले, उपासतापास झाले. पाळीत अंगावरून फार जाते, हे मात्र तिने लाजेने कुणाला सांगितले नाही. अखेर सोनोग्राफीत गर्भपिशवीत गाठ दिसली. तेव्हापासून या विषयावर जे वाचले, विचारले, ते येथे थोडक्यात मांडते.

या गाठीला डॉक्टर 'फायब्रॉइड' म्हणतात. ती गर्भाशयाच्या स्नायूंचीच वाढ असते, कर्करोग नव्हे. स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर ती पोसते. म्हणून पाळी कायमची गेल्यावर बहुधा आक्रसते. अनेकींना तिचा काहीच त्रास होत नाही. महत्त्व आहे ते जागेला. पिशवीच्या बाहेरच्या अंगाची गाठ गर्भधारणेच्या आड सहसा येत नाही. आतल्या पोकळीत शिरलेली गाठ लहान असली तरी गर्भ रुजण्यात अडथळा आणू शकते, गर्भपाताचा धोकाही वाढवते. पिशवी न काढता नुसती गाठ काढता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गाठ असूनही बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात. परंतु गाठ मोठी असेल तर गरोदरपणी पोटात तीव्र दुखू शकते, मूल आडवे किंवा पायाळू राहू शकते, कळा अकाली सुरू होऊ शकतात. वाट अडली तर सिझेरियन करावे लागते. बाळंतपणानंतर रक्तस्रावाची भीती असते. पाळीत रक्त जाऊन आधीच पांढरी पडलेली बाई तो कसा सोसणार? डोळखांबच्या किंवा माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरून दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ अशा वेळी जिवावर बेततो. म्हणून तपासणी आधीच व्हावी, आणि प्रसूती रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी.

डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या 650 स्त्रियांची पाहणी 1989 साली प्रसिद्ध केली. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. गाठींपेक्षा हे मौनच मोठे दुखणे नव्हे काय?

मावशीची गाठ निघाली, पण वय पुढे गेले होते. मूल झाले नाही. त्या सोळा वर्षांत काकांची तपासणी करावी, असेही कुणाला सुचले नाही. मैत्रिणींनो, बोलायला लाजू नका; आणि मित्रांनो, ऐकायला लाजू नका.