फवारणीचं औषध कोणत्या वाटेनं अंगात जातं?

शिरूर कासारच्या शिवारात कपाशीवर फवारणी सुरू झाली की दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर येतं : "डॉक्टर, औषध पिलं नाही, नुसतं मारलं." पिलं नाही म्हणजे विषबाधा नाही, हा समज जिवावर बेततो.

पाण्यात ओतताच दुधासारखं पांढरं होणारं औषध तुम्ही वापरता. त्याच्या नावापुढे 'ई.सी.' छापलेलं असतं. असं कीटकनाशक पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून कारखान्यात ते बऱ्याचदा झायलीनसारख्या द्रावकात विरघळवतात. रंगाच्या थिनरमध्येही असेच द्रावक असतात. टोपण उघडताच नाकात शिरणारा उग्र वास बराचसा त्यांचाच. हा द्रावक कातडीवरचा तेलकट थर विरघळवतो आणि कीटकनाशकाला आत शिरायला वाट करून देतो.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणामागचा सरकारी नियमही वाटेनुसार वेगळं माप लावतो. लाल त्रिकोणाच्या विषाची मारक मात्रा तोंडावाटे वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत धरली आहे, कातडीवाटे 200 पर्यंत. म्हणजे कातडीची वाट सौम्य ठरली. पण हे आकडे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून काढलेले आहेत. शेतात हिशोब बदलतो. घोट एकदाच जातो. पाठीवर गळणारा पंप आणि पऱ्हाटीत फिरून भिजलेली पँट तासन् तास अंगाला चिकटून असतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा थेट तोंडावर येत होता.

कातडीही सगळीकडे सारखी नसते. 1971 साली अमेरिकेत स्वयंसेवकांच्या अंगावर पॅराथिऑन हे कीटकनाशक लावून मोजणी झाली. कोपराखालच्या हातापेक्षा कपाळावाटे ते सुमारे चौपट शिरलं आणि वृषणाच्या कातडीवाटे जवळपास बारापट. ओल्या पँटीत दिवस काढणाऱ्या माणसानं हा आकडा लक्षात ठेवावा. पँट भिजली की तिथंच थांबा, ती काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा, मग दुसरी घाला. औषध धुवायला रॉकेल किंवा डिझेल कधीही वापरू नका, त्यानं कातडीची वाट आणखी मोकळी होते.

श्वासाची वाट सगळ्यात जलद. पोटातून गेलेलं विष आधी यकृतात जातं, तिथं त्यातलं काही निकामी होतं. फुप्फुसातून गेलेलं थेट रक्तात उतरतं आणि काही क्षणांत मेंदूपर्यंत पोहोचतं. बंद खोलीत औषध मिसळताना डोकं जड होतं, गरगरतं, ते यामुळेच. तोंडाला बांधलेला रुमाल थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. ओला झाला की तोच नाकाशी औषध धरून ठेवतो. मिश्रण उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा. तुंबलेला नोझल तोंडानं फुंकणं आणि त्याच हातानं तंबाखू मळणं, ही तर तोंडाची वाट आपणच उघडणं झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी औषध प्यायलं तर घरचे मिठाचं पाणी पाजून उलटी करवतात. पोटातला द्रावक उलटीबरोबर वर आला आणि थोडासा जरी श्वासनळीत उतरला तरी फुप्फुसाला भयंकर सूज येते. लहान मुलानं रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर प्यायलं तरी हेच. पोटापेक्षा फुप्फुसात गेलेलं रॉकेल कितीतरी घातक असतं. म्हणून उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. माणूस गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर निजवा, भिजलेले कपडे काढा, स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला.

फवारणीनंतर लाळ गळणं, दरदरून घाम, बाहुल्या बारीक होणं, अंग फडफडणं, दम लागणं यांतलं काहीही दिसलं तर संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका. 108 ला फोन करा, बाटली किंवा तिचं लेबल सोबत घ्या. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा : कोणतं औषध, किती वेळ, आणि ते अंगावर सांडलं, नाकात गेलं की पोटात. लाजेपायी प्यायल्याचं लपवू नका. उपचार त्यावरून ठरतात. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आजच मोबाइलमध्ये साठवा, आणि फवारणीला येणाऱ्या मजुरालाही द्या.