दोन पुस्तकें, दोन मुलगे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मीं दोन इंग्रजी पुस्तकें लागोपाठ वाचलीं. एक कादंबरी व दुसरें शास्त्रीय व्याख्यानांचें पुस्तक. कादंबरी म्हणजे मेरी शेली हिची 'फ्रँकेन्स्टाइन', ती इ. स. १८१८ मध्यें प्रसिद्ध झाली. दुसरें पुस्तक मायकेल फॅरडे ह्याच्या मेणबत्तीवरील सहा व्याख्यानांचें. तें १८६१ मध्यें छापलें गेलें. कादंबरी करमणुकीसाठीं वाचावी आणि शास्त्राचें पुस्तक ज्ञानासाठीं, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु हीं दोन पुस्तकें एकापाठोपाठ वाचल्यावर मला असें दिसून आलें कीं, दोहोंच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे: जिज्ञासू मुलाच्या हातीं एखादें पुस्तक पडलें, तर पुढें काय होतें? हा प्रश्न आपणां सर्वांचा, म्हणजे विद्यार्थ्यांचा, पालकांचा व शिक्षकांचा असल्यामुळें त्याविषयीं येथें थोडें लिहीत आहें.

कादंबरीची जन्मकथा मोठी मनोवेधक आहे. इ. स. १८१५ च्या एप्रिल महिन्यांत, हल्लींच्या इंडोनेशियांतील सुंबावा बेटावर तांबोरा नांवाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यांतून निघालेली राख व गंधकयुक्त वायु वातावरणांत इतक्या उंच गेले कीं, पुढील वर्षीं युरोपांत उन्हाळा असा लागलाच नाहीं. १८१६ च्या त्या थंड व पावसाळी जून महिन्यांत जिनीव्हा सरोवराच्या कांठीं कांहीं मित्रमंडळी घरांत अडकून पडली होती. कवि बायरन ह्यानें सुचविलें कीं, प्रत्येकानें एकेक भुताची गोष्ट लिहावी. त्या मंडळींत असलेल्या मेरीचें वय तेव्हां अवघें अठरा वर्षांचें होतें. म्हणजे आपल्या शाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींएवढें. तिनें आरंभिलेल्या गोष्टीचीच पुढें ही कादंबरी झाली. ती प्रथम छापली तेव्हां तिच्यावर लेखिकेचें नांवही नव्हतें.

फ्रँकेन्स्टाइन हें राक्षसाचें नांव, असें पुष्कळांस वाटतें. पण तें बरोबर नाहीं. तें त्या राक्षसाच्या निर्मात्याचें नांव आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा इंगोल्स्टाट येथील विद्यापीठांतील एक बुद्धिमान् विद्यार्थी. तो प्रेतांचे अवयव जोडून एक मनुष्याकृति तयार करतो व तिच्यांत प्राण ओततो. परंतु तिनें डोळे उघडतांच तिचें कुरूप पाहून तो भयानें पळून जातो. त्या बिचाऱ्या प्राण्यास शेवटपर्यंत कोणी नांवसुद्धां ठेवीत नाहीं. तो एका गरीब कुटुंबाच्या झोंपडीशेजारीं लपून राहतो, फटींतून ऐकून ऐकून भाषा शिकतो आणि रात्रीं त्या कुटुंबासाठीं गुपचूप लांकडें गोळा करून ठेवितो. पण तो दृष्टीस पडतांच तेच लोक त्याला हांकून देतात. पुढें बुडत्या मुलीस तो पाण्याबाहेर काढतो, तर त्याबद्दल त्याला बंदुकीची गोळी बक्षीस मिळते! जगांत कोठेंच थारा न मिळाल्यामुळें अखेरीस तो सूडास प्रवृत्त होतो, आणि व्हिक्टरचा धाकटा भाऊ, जिवलग मित्र व नववधू ह्यांचा त्याच्या हातून वध होतो.

ह्या भयंकर कथेच्या आरंभीं एक लहानसा प्रसंग आहे. तो वाचकांच्या लक्षांतून सहज निसटतो. परंतु मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. व्हिक्टर तेरा वर्षांचा असतां कुटुंबासह सहलीस गेला होता. पावसामुळें एका खाणावळींत थांबावें लागलें. तेथें त्याला कॉर्नेलियस अग्रिपा नांवाच्या सोळाव्या शतकांतील ग्रंथकाराचें जुनें पुस्तक सांपडलें. त्यांत किमया व गूढविद्या भरलेली होती. मुलगा आनंदानें तें बापाकडे घेऊन गेला. बापानें मुखपृष्ठावर सहज नजर टाकली व हें टाकाऊ आहे, ह्यांत वेळ दवडूं नकोस, एवढेंच सांगितलें. मुलानें तें पुस्तक टाकलें नाहीं. उलट तो अधिकच आवडीनें वाचूं लागला. मोठेपणीं व्हिक्टर म्हणतो कीं, हीं मतें कां खोटीं ठरलीं व नवें शास्त्र त्याहून कसें श्रेष्ठ आहे, एवढें वडिलांनीं समजावून सांगितलें असतें, तर कदाचित् माझ्या नाशाचें बीज पडलेंच नसतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बाप दुष्ट नव्हता. तो प्रेमळ होता. त्याचें मत चुकीचेंही नव्हतें. उणीव होती ती फक्त दहा मिनिटांच्या संभाषणाची.

आतां दुसऱ्या मुलाकडे वळूं. मायकेल फॅरडे हा खराखुरा मुलगा. १७९१ मध्यें लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरीं जन्मलेला. चौदाव्या वर्षीं त्याला एका पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या दुकानांत उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. तेथें बांधणीसाठीं येणारीं पुस्तकें तो वाचूं लागला. असलीं कामें सोडून वाचीत काय बसतोस, असें मालकानें त्याला म्हटलें असतें, तर तें त्या काळास धरूनच झालें असतें. पण मालकानें वाचूं दिलें. जेन मार्सेट ह्या बाईंनीं संवादरूपानें लिहिलेलें रसायनशास्त्राचें पुस्तक त्याला तेथेंच मिळालें, आणि त्यांतील प्रयोग आपल्या तुटपुंज्या पैशांत तो स्वतः करून पाहूं लागला. १८१२ मध्यें दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें त्या व्याख्यानांचीं टिपणें नीट लिहून काढलीं, स्वतःच्या हातानें बांधलीं व डेव्हींकडे पाठविलीं. पुढल्याच वर्षीं तो त्यांच्या प्रयोगशाळेंत मदतनीस झाला. १८३१ मध्यें त्यानें चुंबकाच्या साहाय्यानें विद्युत्प्रवाह उत्पन्न करण्याचें जें तत्त्व शोधून काढलें, त्यावरच आजचीं बहुतेक वीजकेंद्रें चालतात.

योगायोग असा कीं, मेरी शेली हिच्या १८१६ च्या रोजनिशींतही डेव्हींचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ वाचीत असल्याची नोंद आहे. एकाच पंडिताच्या विद्येपासून एकीला कथा स्फुरली व दुसऱ्याला शास्त्राची वाट सांपडली.

मेणबत्तीवरील व्याख्यानें फॅरडेनें वयाच्या ६९ व्या वर्षीं, नाताळच्या सुटींत, मुलांसाठीं दिलीं. त्यांत अवघड सूत्रें नाहींत. वितळलेलें मेण वातींतून वर कसें चढतें? आपल्या समईच्या वातींत तेल चढतें, त्याच केशाकर्षणाच्या नियमानें. जळतें तें काय? मेणाची वाफ, म्हणून नुकत्याच विझविलेल्या मेणबत्तीच्या धुराशीं पेटलेली काडी धरिली, तर ज्योत धुरावरून उडी घेऊन वातीवर येते. ज्योत पिवळी व तेजस्वी कां? तींतील कर्बाचे सूक्ष्म कण तापून प्रकाशतात म्हणून. ज्योतींत थंड बशी धरल्यास तेच कण काजळी होऊन बसतात. ज्योतीच्या वर अतिशय थंड भांडें धरल्यास त्यावर पाण्याचे थेंब जमतात. अग्नींतून पाणी निघतें, हें पाहून कोणास आश्चर्य वाटणार नाहीं? शेवटच्या व्याख्यानांत तो दाखवितो कीं, मेणबत्तीपासून निघणाऱ्या वायूनें चुन्याची निवळी जशी दुधाळ होते, तशीच ती आपल्या उच्छ्वासानेंही होते. आपल्या शरीरांतही एक मंद ज्वलन अखंड चालू आहे, आणि आपण टाकलेला तो वायु वनस्पति ग्रहण करतात. मेणबत्तीपासून निघालेला विचार असा सर्व सृष्टीपर्यंत जाऊन पोंचतो.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या दोन पुस्तकांपासून मला जें मिळालें तें असें. फॅरडे शिकवितो कीं, रोजच्या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूलाही 'हें असें कां?' म्हणून विचारा, आणि उत्तर हातानें पडताळून पाहा. (ज्योतीचे प्रयोग मात्र घरांतील वडील माणूस जवळ असतांनाच करावे.) मेरी शेली शिकविते कीं, प्रश्न तेथेंच संपत नाहीं, आपण जें निर्माण केलें त्याचा सांभाळ कोण करणार, हेंही विचारा. ही कादंबरी ज्ञानाच्या विरुद्ध आहे, असें कित्येक म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. व्हिक्टरचा मोठा अपराध शोध लावण्यांत नव्हता. जें आपण जन्मास घातलें त्याकडे पाठ फिरविण्यांत होता. विचार करणारीं यंत्रें व जीवांचीं मूलद्रव्यें बदलणाऱ्या विद्या ज्या काळांत तुम्हांस शिकावयाच्या आहेत, त्या काळीं शास्त्राच्या पुस्तकाबरोबर अशी कादंबरीही वाचलेली असावी.

पालकांस नम्र विनंति एवढीच. आज मुलांच्या हातीं पुस्तकांबरोबर फोनही आहे, आणि त्यांत अग्रिपाचे वंशज पुष्कळ आहेत. मूल कांहीं वाचून उत्साहानें तुमच्याकडे आलें, तर 'टाकून दे तें' असें म्हणण्यापूर्वीं त्याच्याजवळ दहा मिनिटें बसा. तें असत्य असेल तर कां असत्य, हें सांगा. ठाऊक नसेल तर दोघांनीं मिळून शोधा. फॅरडेच्या मालकास विद्युच्छास्त्र शिकवितां आलें नसतें, आणि त्या गिऱ्हाइकानें तरी केवळ कांहीं तिकिटेंच दिलीं. परंतु एकानें मुलाला वाचूं दिलें व दुसऱ्यानें त्याला योग्य दारापाशीं नेऊन सोडलें. एवढें आपणां प्रत्येकाच्या हातांत आहे.