ब्रिटनचा व्हिसा: सप्टेंबरपासून मागे मोजा

वर्ग सप्टेंबरअखेरीस भरणार, व्हिसाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. मग ऑगस्टमध्ये अर्ज केला तरी भागेल, असा हिशेब पुष्कळ घरांत होतो. पण हे तीन आठवडे अर्ज भरून बोटांचे ठसे दिल्यानंतरचे. खरा वेळ खातात त्याआधीची कामं, आणि ती मे महिन्यातच हाती घ्यायला हवीत.

घोळ होतो तो बहुधा पैशांपाशी. उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्या-जेवणाचा ठरलेला खर्च सलग 28 दिवस खात्यात दिसावा लागतो. मध्ये एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली, तरी अर्ज नामंजूर होऊ शकतो. शिवाय खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. काका मदत करणार असतील, तर रक्कम आधी तुमच्या खात्यात येऊ द्या आणि 28 दिवस तिथून मोजा. ते संपल्यावर 31 दिवसांच्या आत अर्ज जायला हवा. मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल, तर ही 28 दिवसांची अट नाही; मंजुरीपत्र पुरतं.

पैसे वडिलांच्या खात्यात असले की संमतिपत्रासोबत नातं दाखवणारा जन्मदाखला लागतो. तो आजच कपाटातून काढून बघा. जुन्या दाखल्यांवर कित्येकदा बाळाच्या नावाची जागा कोरी असते, आणि नाव चढवून घ्यायला नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत चकरा पडतात. दाखला फक्त मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

क्षयरोगाची तपासणीही लवकर उरका. ती ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्रातच होते आणि प्रमाणपत्र सहा महिने चालतं. एक्स-रेमध्ये शंका आली, तर थुंकीच्या कल्चरचा अहवाल यायला दोन महिने जाऊ शकतात. अशी शंका आली म्हणजे आजार आहेच असं नाही, पण सत्र मात्र हातचं जाऊ शकतं.

विद्यापीठाने प्रवेश पक्का केल्याचा जो 'कॅस' क्रमांक देतं, त्याशिवाय अर्ज भरता येत नाही, आणि तो बहुधा अंतिम निकाल व आगाऊ रक्कम पोचल्यावरच मिळतो. अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल लांबला, तर विद्यापीठाला आजच लिहून दोन गोष्टी विचारा: हजर होण्याची शेवटची तारीख कोणती, आणि प्रवेश जानेवारीच्या सत्रात ढकलता येईल का? उत्तर येईपर्यंत परतावा न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका.